सातव्या चेलोचं पान

१

शिंपिणीचं काम असं, की नीट झालं तर कोणाच्या लक्षातही येत नाही आणि बिघडलं तर सगळ्यांची बोटं तिच्याकडे. ही कापड शिवणारी शिंपीण नव्हे. ही आवाज शिवायची. ऑर्केस्ट्रा एकच तुकडा चार-पाच वेळा वाजवतो आणि प्रत्येक टेकमध्ये कोणी ना कोणी माती खातंच. कोणाची खुर्ची करकरते, कोणाला ऐन मोक्याला ठसका लागतो, बासरीवाला अर्धा श्वास आधीच घुसतो. मग शिंपिणीने सगळ्या टेकमधले बरे बरे तुकडे कापायचे आणि असे जोडायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं, ही मंडळी जन्मात कधी चुकलीच नाहीत. स्टुडिओत तिला खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे.

सध्या तिच्या टेबलावर एका मोठ्या गेमचं संगीत होतं. राजे, राक्षस, शापित किल्ले, सगळा जामानिमा. खेळणारा त्या राज्यात तासन्‌तास भटकणार आणि जाईल तिथे ऑर्केस्ट्रा त्याच्या मागून जाणार. जंगलाला एक संगीत, लढाईला दुसरं. पण संगीतकाराचा जीव अडकला होता तो भलत्याच तुकड्यात. खेळणाऱ्याने हात थांबवले, त्याचं पात्र वाटेत नुसतंच उभं राहिलं, की बाकीची वाद्यं एकेक करून विरायची आणि एकच चेलो, ते मांड्यांत धरून वाजवायचं थोरलं व्हायोलिन, उरायचा. तोही लांबून, सभागृहाच्या टोकाकडून आल्यासारखा. सलग, मध्ये श्वासाएवढीही फट नाही. या तुकड्याचं नाव त्याने ठेवलं होतं ‘थांबा’.

लांबचा सूर हवा म्हणून तो शेवटच्या खुर्चीला दिला होता. शेवटच्या, सातव्या खुर्चीवर शिंपिणीची ताई बसायची.

आता यात एक मेख होती. चेलोवाले दोघांत पानं ठेवायचा एक स्टँड घेऊन बसतात. बाहेरच्या बाजूचा वाजवत राहतो, आतल्या बाजूचा पान उलटतो. चेलो होते सात, म्हणजे शेवटच्या स्टँडवर ताई एकटी. त्यात नोटेशन उतरवणाऱ्या महाभागाने पहिलं पान संपवलं होतं ते नेमकं त्या लांबलचक सुराच्या मधोमध. चेलोला दोन्ही हात लागतात. पान उलटायला तिसरा हात आणायचा कुठून? पानंही रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळीच हातात पडलेली, त्यामुळे पाठ करण्याचा प्रश्नच नव्हता.

“तुटू दे सूर,” संगीतकार म्हणाला होता. “शिंपीण भरून काढेल.”

सगळ्यांच्या चुकांचं माहेर म्हणजे शिंपिणीची खोली. तिने हेडफोन चढवले आणि भोक भरायला बसली.

२

पहिल्या टेकमध्ये सगळं अपेक्षेप्रमाणे होतं. ताईचा सूर वर चढत गेला, तुटला, पान फडफडलं, सूर पुन्हा सुरू झाला. भोक चांगलं बोटभर होतं.

दुसऱ्या टेकमध्येही सूर तुटला. पण पानाचा आवाज त्याच्या आधी आला. अगदी थोडा आधी, ताई अजून वाजवत असतानाच. आणि मग ती जराशी गडबडली, अनोळखी पायरीवर पाऊल अडखळावं तशी. शिंपिणीने तो भाग पुन्हा ऐकला. आधी पान, मग अडखळणं. तिला गंमत वाटली. ताईने काय दाताने उलटलं की काय?

तिसऱ्या टेकमध्ये पान उशिरा उलटलं.

चौथ्या टेकमध्ये भोकच नव्हतं. सूर एकसंध, तेल ओतावं तसा, आणि त्याच्या खालून, सुराला धक्का न लावता, कागदाची हलकी सरसर. इतकं बेमालूम पान शिंपिणीने आजवर मोठमोठ्या ऑर्केस्ट्रांच्या पहिल्या स्टँडवरूनही ऐकलं नव्हतं.

तिने चेलोजवळच्या माइकचा आवाज वेगळा काढून पाहिला. गज तारेवर चालू होता; डाव्या हाताची बोटं तारेवर थरथरत होती, तेही ऐकू येत होतं. म्हणजे दोन्ही हात जागेवर. शिंपीण खुर्चीत मागे रेलली. तिचा स्वभावच असा, की एखादी गोष्ट जुळली नाही तर तिला राग येत नसे, भूक लागल्यासारखं व्हायचं. तिने चारही टेक एकाखाली एक लावले आणि ओळीने ऐकले. आधी घाई, मग उशीर, मग बरोबर.

कोणीतरी शिकत होतं.

३

ताई आणि शिंपीण एकाच इमारतीत राहायच्या, ताई खाली आणि शिंपीण वर. जेवण बहुतेक वेळा खालीच व्हायचं, कारण शिंपिणीच्या स्वयंपाकघरात चहापलीकडे काही शिजत नसे.

ताईचं मनगट दोन वर्षांपूर्वी निकामी झालं होतं. शस्त्रक्रिया झाली, ऑर्केस्ट्रातली जागा गेली, आणि नंतर घरी शिकवण्या करत, रोज थोडं थोडं वाजवत ती पुन्हा इथवर आली होती. सातवी खुर्ची तिला तात्पुरती मिळाली होती. हे रेकॉर्डिंग नीट पार पडलं तर खुर्ची कायमची, असा संगीतकाराचा शब्द होता. ताई त्याबद्दल बोलायची नाही, पण हल्ली ती जिन्यातून गुणगुणत चढायची. दोन वर्षांत ते बंद पडलं होतं.

“ताई, त्या ‘थांबा’मध्ये पान कोणी उलटलं?” शिंपिणीने जेवता जेवता विचारलं.

“होतं की कोणीतरी. तुमच्या स्टुडिओतलंच. तुम्हीच पाठवलं ना?”

“आम्ही कोणाला नाही पाठवलं. कोण होतं?”

“मी काय बघत बसू? एक डोळा पानावर, एक डोळा संगीतकारावर. तिसरा उघडला तर भस्म होशील.”

“अगं पण शेजारी माणूस बसलंय आणि तू बघितलंच नाहीस?”

“शेजाऱ्याकडे कोणीच बघत नाही, चिमणे. पंधरा वर्षं पहिल्या ऑर्केस्ट्रात जिच्या शेजारी बसले, तिचे डोळे कुठल्या रंगाचे ते मला आजही सांगता येणार नाही. हात दिसतो. पान उलटलं म्हणजे झालं.”

“मग हात कसा होता?”

ताईचा घास हातातच राहिला. तिने खरंच आठवून बघितलं. “स्वच्छ होता,” ती म्हणाली. “नखं कापलेली.”

“बाईचा की पुरुषाचा?”

“हात होता गं. हाताला काय मिशा असतात?” ती हसली. “आधी फार घाई करत होतं बिचारं. मग मी मान हलवली, तेव्हापासून बरोबर जमायला लागलं.”

“मान कशाला हलवलीस?”

“आभार मानायला. पान उलटलं की आपण मान हलवतो. रीतच आहे ती.”

लहानपणी ताईची पानं शिंपीणच उलटायची. तेव्हा तिला नोटेशनमधलं ओ की ठो कळत नसे, म्हणून ताईने एक खूण ठरवली होती. वाजवताना ताई पायात काही घालत नाही. उलटायची वेळ झाली की ती उजव्या पायाचा अंगठा उचलायची. शिंपीण पानाकडे बघतच नसे, नुसती अंगठ्यावर नजर ठेवून उभी राहायची. तिला सगळे म्हणायचे, काय गुणी मुलगी, बहिणीचं वाजवणं कसं मान खाली घालून ऐकते.

“माझे कधी आभार मानले नाहीस ते,” शिंपीण म्हणाली.

“तू घरची होतीस.”

४

ध्वनिमुद्रकाला सगळे कानसेन म्हणायचे. गेली कित्येक वर्षं तो कंट्रोल रूमच्या त्याच काचेमागे बसत होता, आणि भिंतीपलीकडे कोणी मोजा बदलला तरी आपल्याला कळतं, अशी त्याची फुशारकी होती.

“शेवटच्या स्टँडवर ताईच्या शेजारी कोण होतं?” शिंपिणीने विचारलं.

“कोणी नाही. एकटीच होती, रेषेबाहेर.”

रेकॉर्डिंगच्या सभागृहात पूर्वी बॅडमिंटन चालायचं. लाकडी जमिनीवरच्या पांढऱ्या रेषा अजून पुसल्या गेल्या नव्हत्या आणि ताईचा स्टँड त्या रेषेच्या पलीकडे, मागच्या पडद्याला टेकून होता. स्टँडला खुर्च्या दोन लावलेल्या, कारण खुर्च्या जोडीनेच मांडतात.

“चौथा टेक ऐक,” ती म्हणाली.

कानसेनने ऐकलं. मग पुन्हा ऐकलं. त्याच्या चेहऱ्यावर आधी कौतुक आलं, आणि मग ते सावकाश उतरलं.

“मी काही जोडलेलं नाही हं,” तो म्हणाला. “तू जोडलंस?”

“मी अजून कात्री लावलीच नाहीये.”

“मग रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागल्यावर आत कोणी गेलं असेल.”

“दाराला आतून कडी असते.”

“असते,” तो म्हणाला, आणि डोकं खाजवत बसला.

शेवटचा सूर वाजला तरी लाल दिवा विझेपर्यंत कोणी हलायचं नसतं. गज हवेत तसाच धरून सगळे दगडासारखे बसतात, कारण सूर सभागृहात फिरून विरायला वेळ लागतो आणि तेवढ्यात कोणी नाक जरी ओढलं तरी टेक वाया जातो. कानसेनने चारही टेकच्या शेपट्या लावल्या, नुसतं ते विरणं. पहिलीत काही नव्हतं. दुसरीत, अगदी मागे, लाकडी फळी एकदा दबली. तिसरीत खुर्चीचा पाय हळूच सरकला. चौथीत ताईचा श्वास होता, दमलेला, नाकातून सोडलेला. त्याच्याशेजारी, तिच्याहून संथ, आणखी एक.

“प्रतिध्वनी असेल,” कानसेन म्हणाला.

“श्वासाचा?”

“मग तूच सांग काय ते.” त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि चहा आणायला गेला. चहाचं यंत्र काचेच्या याच बाजूला होतं, पण तो बाहेरच्या दुकानात गेला आणि बराच वेळ आला नाही.

५

भुताखेतांवर शिंपिणीचा विश्वास नव्हता. वायर, माइक आणि माणसं या तिन्हींवर मात्र भरपूर अविश्वास होता, म्हणून तिने आधी तिथेच शोधलं. वायर बदलली. जुन्या टेकचा आवाज फितीवरून गळून यावा तसा नव्या टेकमध्ये येतो का, ते तपासलं. वातानुकूलन यंत्राच्या झोताने पान उलटू शकतं का म्हणून रिकाम्या सभागृहात जाऊन शेवटच्या स्टँडवर कागद ठेवून बघितला. कागद ढिम्म हलला नाही. ती तिथे जराशी जास्तच वेळ उभी राहिली. भीती वाटली असं नाही. कोणाच्या घरी न सांगता गेल्यावर वाटतं तसं वाटलं, आणि ती “येते” असं पुटपुटून बाहेर पडली. मग आपण कोणाला ‘येते’ म्हणालो, याचं तिचं तिलाच हसू आलं.

चौथा टेक गेममध्ये घालून चाचणीवालीकडे गेला. या मुलीचं काम दिवसभर गेम खेळून त्यातल्या चुका शोधणं. लोकांना वाटायचं, काय मजा आहे हिची. पण एकाच भिंतीवर सबंध सकाळ डोकं आपटून भिंत पक्की आहे ना हे बघण्यात काय मजा असते ते तिचं तिलाच ठाऊक. शिंपीण तिच्या मागे उभी राहून बघू लागली. पडद्यावर धुकं, दगडी पूल, पुलावर पाठमोरा एक प्रवासी. चाचणीवालीने हात काढून घेतले. बासऱ्या विरल्या, व्हायोलिनं विरली. लांबवर ताईचा चेलो उरला.

कागदाची सरसर झाली, तशी चाचणीवालीने झटकन प्रवाशाला मागे वळवलं. पूल रिकामा होता.

“दर वेळी होतं हे माझं,” ती म्हणाली. “मला ठाऊक आहे मागे काही नाही. तरी हात जातोच. तो आवाज मुद्दाम ठेवलाय ना तुम्ही?”

“भीती वाटते?”

तिने विचार केला. “नाही. उलट, मी एकटी खेळत नाहीये असं वाटतं. कोणीतरी मागे उभं राहून बघतंय, आता पुढे काय होतं म्हणून.” मग तिने मान वळवून वर बघितलं आणि खळखळून हसली. “तुम्हीच उभ्या आहात की!”

६

संगीतकाराचा फोन आला तेव्हा तो आनंदाने जमिनीपासून वीतभर वर तरंगत होता.

“तुझी बहीण म्हणजे चमत्कार आहे! मी तो तुकडा वाढवतोय. दीडपट. तीन पानं. परवा सगळ्यांना पुन्हा बोलावलंय.”

“त्यात पान उलटायला विसावा ठेवा,” शिंपीण म्हणाली.

“कशाला? तिला जमतं. आणि हो, तिला आताच सांगू नकोस, पण परवाचं एवढं झालं की मी सही करणार. सातवी खुर्ची तिची.”

शिंपीण फोन धरून उभी राहिली. सांगायचं तर काय सांगायचं? माझ्या बहिणीशेजारी कोणीतरी बसतं, ते दिसत नाही आणि दर टेकला सुधारतं? संगीतकार म्हणेल, बाईचं मनगट बरं झालं, आता डोकं गेलं. चारही टेक रद्द होतील आणि खुर्ची तिसऱ्याच कोणाला तरी मिळेल. ताई पुन्हा गुणगुणायची थांबेल. आणि न सांगावं, तर ताई तिथे रेषेबाहेर, तो हात शेजारी घेऊन बसणार. आणि कायमची खुर्ची मिळाली तर कायमची बसणार. इकडे आड आणि तिकडे विहीर, आणि मध्ये उभी ताई, जिला कोणी काही विचारलंच नव्हतं.

त्यातून तिला एकच वाट सुचली, आणि खरं सांगायचं तर त्या वाटेत काळजी जितकी होती तितकंच कुतूहल होतं. थोडा मत्सरही होता. ती जागा लहानपणापासून तिची होती.

“परवा तुझी पानं मी उलटते,” तिने ताईला सांगितलं.

“तू? आता तरी नोटेशन वाचता येतं का?”

“येतं. तरी तू अंगठा उचल.”

ताईने तिच्या गालावर चापट मारली. “ये. लहानपणीसारखं करू.”

७

सभागृहात दुपारीही दिवे लागतात, कारण खिडक्या कधीच बुजवल्या आहेत. शिंपीण सगळ्यांत मागे गेली. पुढे साठ-सत्तर पाठी, प्रत्येक स्टँडवर छोटा दिवा, आणि पांढऱ्या रेषेपलीकडे ताई, चपला बाजूला काढून, गजाला राळ घासत. शिंपीण शेजारच्या खुर्चीवर बसली आणि लगेच अर्धी उठली.

खुर्ची गरम होती.

“काय झालं?” ताई म्हणाली.

“इथे आत्ता कोण बसलं होतं?”

“कोणी नाही. बस ना, पाहुण्यासारखी काय करतेस?”

कोणीतरी आपल्याला बघून नुकतंच उठावं आणि जागा द्यावी, अशी ती ऊब होती. शिंपीण बसली. तिच्या पाठीमागे हातभर जागा आणि मग जाड पडदा. पडदा हलत नव्हता. तो हलत नाही ना, हे तिने दोनदा बघितलं. काचेपलीकडे कानसेन दिसत होता. त्याने तिच्याकडे बघून हात केला, आणि मग नजर जरा वर, तिच्या डोक्यावर नेली. लाल दिवा लागला.

आता बोलायचं नाही, हलायचं नाही. संगीतकाराचा हात खाली आला आणि सगळं सभागृह एकदम भरून निघालं. शिंपिणीने हे संगीत शेकडो वेळा ऐकलं होतं, पण कापलेलं, सुटं. असं आतून कधीच नव्हतं ऐकलं. तिला भरून आलं. मग एकेक वाद्य विरत गेलं आणि ताईचा सूर एकटा उरला.

तिची नजर खाली, अंगठ्यावर होती. अंगठा उचलला गेला. तिने हात पुढे केला, पान उलटलं. सूर अखंड. ताईने मान हलवली. शिंपिणीचा जीव भांड्यात पडला. इतकंच तर होतं. शेजारी घरचं माणूस बसलं की झालं.

दुसरं पान संपत आलं. सूर वर वर चढत होता. अंगठा उचलला गेला. तिने हात पुढे केला.

पान आधीच निघालं होतं.

तिचा हात हवेत, कागदापासून चांगला वीतभर लांब. पान सावकाश, कोपरा न दुमडता उभं राहिलं, आणि क्षणभर स्टँडचा दिवा त्याच्या पलीकडे आला. उजेडात कागद पिवळा झाला, सुरांचे काळे ठिपके आरपार दिसले आणि त्या ठिपक्यांवर चार बोटांची सावली. लांब बोटं, शिंपिणीच्या खांद्यावरून पुढे आलेली. मग पान आडवं झालं आणि सावली मिटली. पानाने एवढासाही आवाज केला नाही. जे कोणी होतं, ते आता इतकं शिकलं होतं.

ताईने मान हलवली. शिंपिणीकडे नाही. किंचित वर, शिंपिणीच्या डोक्यामागे, जिथे उभ्या माणसाचा चेहरा असतो तिथे.

ओरडता आलं असतं. एक किंकाळी, की टेक वाया. संगीतकार वैतागला असता, सगळे वळले असते. तिसरं पान चालू होतं आणि ताई वाजवत होती, डोळे अर्धे मिटून, ते मनगट लवचिक, मोकळं, जे पुन्हा कधी असं होणार नाही, असं दोन वर्षांपूर्वी कोणीही म्हणालं असतं. शिंपिणीने ओठ दातांखाली धरले.

शेवटचा सूर आला, आणि विरायला लागला. सगळे गज हवेत. कोणी हलत नव्हतं. तिच्या कानाशी, केसांना जेमतेम लागेल इतका जवळ, संथ श्वास चालला होता. त्यात राग नव्हता. हाव म्हणावी तर तीही नव्हती. शिंपिणीने तो ओळखला, कारण हेडफोन लावून काहीतरी न जुळणारं ऐकताना ती स्वतः तसाच श्वास घ्यायची.

स्टँडवरचं तिसरं पान शेवटचं होतं. त्याच्यामागे काही नव्हतं. तरी त्याचा कोपरा उचलला गेला. पान अर्धं वर आलं, आणि तिथेच थांबलं.

लाल दिवा विझला.

८

“झकास!” संगीतकार टाळ्या वाजवत मागपर्यंत आला. सगळ्या माना मागे वळल्या. “एकही फट नाही! यातली पानं कोणी उलटली?”

ताईने शिंपिणीकडे बघितलं. तिचा चेहरा लाल झाला होता, डोळे भरले होते. “माझ्या बहिणीने,” ती म्हणाली. “दुसऱ्या वेळेला तर मी अंगठा उचलेपर्यंतही थांबली नाही. शिकली गं माझी चिमणी. तूच उलटलंस ना?”

काचेमागे कानसेन उभा राहिला होता. त्याचा एक हात काचेला टेकलेला होता. तो नकारार्थी मान हलवत होता, सावकाश, पुन्हा पुन्हा.

शिंपिणीने काचेवरची नजर काढून घेतली.

“हो,” ती म्हणाली. “मीच.”

“मग ऐका सगळे,” संगीतकार म्हणाला. “सातवी खुर्ची आजपासून यांची. कायमची.” टाळ्या झाल्या, चेलोवाल्यांनी रिवाजाप्रमाणे पाय आपटले, ताईने तोंड ओंजळीत झाकलं. “आणि हा शेवट नव्हे बरं का. गेमचा दुसरा भाग येतोय. सोमवारपासून पुन्हा इथेच. ‘थांबा’ आता याच्या तिप्पट मोठा होणार.”

स्टँडकडे एकटी शिंपीणच बघत होती. शेवटचं पान अजून तसंच अर्धं वर होतं, पुढे काही आहे का ते बघायला धरून ठेवलेलं. संगीतकाराचं बोलणं पुरं झालं, तसं ते हळूहळू खाली आलं आणि नीट जागेवर बसलं.